परक्या शेतातून वाट

एखाद्या मुसाफिराने दुसऱ्याच्या शेतातून वाट मागितली, तर ती देणे हा उपकार होय की कर्तव्य होय? प्रश्न जुना आहे, आणि पवित्र शास्त्रात तो गणनेच्या विसाव्या अध्यायात स्पष्टपणे पुढे येतो. इस्राएल लोक कादेश येथे उतरले असता मोशेने अदोमाच्या राजाकडे जासूद पाठविले व त्याच्या देशातून जाऊ देण्याची विनंती केली. आम्ही शेतात किंवा द्राक्षमळ्यात शिरणार नाही, सरळ राजमार्गाने चालू, आणि आमची जनावरे तुमचे पाणी प्यायली तर त्याचे मोल भरून देऊ, अशा आशयाचा करार त्याने देऊ केला. अदोमाने तो मानिला नाही. तो मोठे सैन्य घेऊन सीमेवर आडवा उभा राहिला, आणि त्या थकलेल्या लोकांस वळसा घेऊन जावे लागले.

हा अध्याय आमच्या मंडळ्यांतून पुष्कळदा वाचला जातो. आज आम्हांस त्याची आठवण एका निराळ्या मुसाफिरामुळे झाली. तो मुसाफिर म्हणजे रानहत्ती. त्याच्या बाबतीत अडचण अशी की, मोशेने देऊ केलेला करार हत्तीस करिता येत नाही. तो शेतात शिरतो, केळी मोडतो, माड उपटतो, पाणी पितो, आणि मोल न भरिता निघून जातो. मग अशा मुसाफिरास वाट द्यावी काय? आणि द्यावी, तर ती कोणाच्या शेतातून?

आनंदनगरच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल, हे आम्ही जाणतो. कारखान्यांचे भोंगे, पाण्याच्या टाक्या आणि अंबरनाथ-बदलापूरची गर्दीची गाडी यांत रानहत्तीचा संबंध काय? आम्हां इकडच्या लोकांस जवळचा असा पुरातन हत्ती म्हणजे भायखळ्याच्या बागेतील दगडी हत्ती. तो मुळी घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीज लोकांनी त्या बेटास हत्तीचे नाव दिले. सन १८६४ मध्ये त्यास विलायतेस नेण्याकरिता उचलू गेले, तो तो पडून फुटला. ते तुकडे पुढे १९१४ साली सांधून भायखळ्यास उभे केले. हत्तीस त्याच्या जागेवरून हलविणे हे दगडाच्या हत्तीच्या बाबतीतही सोपे ठरले नाही, एवढे लक्षात ठेवून आम्ही पुढे जातो. शिवाय आमच्या वसाहतीत कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या गावच्या पत्रांतून हत्ती आता घरच्या गोष्टींइतकाच नेहमीचा झाला आहे.

हकिगत थोडक्यात अशी. सन २००२ मध्ये कर्नाटकातील दांडेलीच्या बाजूच्या रानांतून हत्तींची एक टोळी सह्याद्री ओलांडून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग भागात उतरली. त्या पिढीच्या शेतकऱ्यांस रानडुकराची, माकडाची व गव्याची सवय होती, हत्तीची नव्हती. पुढे हत्ती कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यापर्यंत पोहोचले, आणि घाटावर कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड व आजरा या तालुक्यांतही त्यांचे येणेजाणे सुरू झाले. त्यांस हाकून परत पाठविण्याचे प्रयत्न झाले. हत्ती जात आणि पुन्हा येत. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये कर्नाटकातून शिकविलेले हत्ती व त्यांचे माहूत आणून माणगाव खोऱ्यातील तीन हत्ती पकडण्यात आले. त्यांपैकी दोन त्याच वर्षी बंदिवासात मेले. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडून निघालेला एक मोठा कळप छत्तीसगडातून गडचिरोली जिल्ह्यात आला, आणि तेथील भाताच्या शेतांत व मोहाच्या रानांत वावरू लागला. तेथेही माणसे दगावली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील मोर्ले गावी एक वृद्ध शेतकरी आपल्या काजूच्या बागेकडे गेला असता हत्तीच्या पायी मेला. त्याच वर्षी कळपापासून दूर झालेला एक तरुण नर, ज्यास लोकांनी ओंकार असे नाव दिले आहे, तो गोव्याच्या पेडणे तालुक्यापर्यंत आणि सावंतवाडीच्या बाजूस भटकत राहिला. त्यास पाहण्यास जमणाऱ्या गर्दीचे वर्तन नेहमीच माणसास शोभेल असे नव्हते.

हत्ती हे का करितो, याचे उत्तर त्याच्या शरीरात आहे. पूर्ण वाढलेल्या हत्तीस दिवसास सुमारे दीडशे किलो चारा व शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. एवढे पोट एका टेकडीवर भरत नाही. म्हणून तो चालतो; आणि कोणत्या महिन्यात कोठे पाणी व कोठे बांबू आहे, हे कळपाची वडील मादी आपल्या आठवणीने जाणते आणि बाकीची मंडळी तिच्यामागून जातात. नर वयात आला की कळपातून बाहेर पडतो आणि आपली वाट स्वतः शोधतो. ओंकारासारखे तरुण एकटे दिसतात ते यामुळेच. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची जी चिंचोळी पट्टी असते, तिला भ्रमणमार्ग म्हणतात. तो मार्ग कागदावर असो वा नसो, हत्तीच्या डोक्यात असतो. त्यावर घर, कालवा, खाण किंवा तारेचे कुंपण आले म्हणजे हत्ती चालणे सोडीत नाही, फक्त बाजूच्या शेतातून चालू लागतो. दांडेलीच्या बाजूस काळी नदीवर धरणे झाली, खाणी निघाल्या, रस्ते झाले. आपल्या बाजूस तिलारीच्या जलाशयाखाली खोऱ्याचा मोठा भाग गेला, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरांत रान साफ करून रबराच्या बागा उठल्या. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली होती. यांतील अमुक एकाच कारणाने हत्ती आला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु घर मोडल्यावाचून कुटुंब सहसा बाहेर पडत नाही.

येथे आमचे काही बंधू म्हणतील की, देवाने पृथ्वी मनुष्याच्या हाती दिली. एका माणसाच्या जिवापुढे शंभर हत्तींची मातब्बरी नाही. मग हे पत्र हत्तींची वकिली कशास करिते? मनुष्याचे मोल अधिक आहे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आपल्या प्रभूनेही मनुष्यास पाखरांहून मोलवान म्हटले. पण त्याच वचनात त्याने असेही सांगितले की, दमडीच्या मोलाचे ते पाखरू पित्याच्या विसरात नाही. जो या वचनाचा पहिला अर्धा भाग घेतो आणि दुसरा टाकितो, त्याने वचन घेतले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची मालमत्ता सोपविली, तो कारभारी होय, धनी नव्हे. आणि कारभाऱ्याने परत द्यावयाच्या यादीत हत्तीही आहे. आज हिंदुस्थानात रानहत्ती किती उरले? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, विष्ठेतील अंशावरून केलेल्या नव्या मोजणीत २२,४४६ हा आकडा निघाला. आशियातील निम्म्याहून अधिक रानहत्ती याच देशात आहेत. येथे जे विझले ते दुसरीकडून उसने आणिता येणार नाही.

परंतु आमचा खरा मुद्दा हा नाही. हत्ती राखावा हे बहुतेक भले लोक मान्य करितात. विशेषतः ज्यांच्या अंगणात हत्ती येत नाही ते फार लवकर मान्य करितात, आणि आनंदनगरात बसून हे लिहिणारे आम्ही त्यांतलेच. म्हणून नाथान संदेष्ट्याने दावीद राजास सांगितलेला दृष्टान्त आम्हांस टोचतो. एका श्रीमंताच्या घरी पाहुणा आला. त्याने आपल्या कळपांतील एकही मेंढरू न मारिता शेजारच्या गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली आणि पाहुण्याचा सत्कार केला. पाहुण्याचा सत्कार करणे हा सद्गुणच आहे. दावीद राजा संतापला तो सत्कारावर नव्हे. आज शहरातील सुशिक्षित मनुष्य हत्ती नावाच्या पाहुण्याचा मोठ्या प्रेमाने सत्कार करितो, त्याची चित्रे पाहून हळहळतो, त्यास कोणी फटाका मारिला तर रागावतो. हे सर्व योग्य आहे. पण मेजवानी लागते ती दोडामार्गच्या शेतकऱ्याच्या केळीची आणि चंदगडच्या शेतकऱ्याच्या उसाची.

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी दोन विधी आहेत, आणि आमच्या मते या वादाचा निकाल त्यांत आहे. पहिला निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. एखाद्याचे जनावर सुटून दुसऱ्याच्या शेतात चरले, तर जनावराच्या धन्याने आपल्या शेतातील उत्तम उत्पन्नातून त्याची भरपाई करावी. उरलेसुरले नव्हे, उत्तमातून. दुसरा त्याच्या आधीच्या अध्यायात आहे. बैलाने कोणास हुंदडून मारिले आणि तो बैल मारका आहे हे धन्यास पूर्वी माहीत असूनही त्याने त्यास आवरिले नसेल, तर धनीही दोषी ठरतो. आता विचारावे की, रानहत्तीचा धनी कोण?

याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. इंग्रजी अमलात १८७९ साली हत्तींच्या रक्षणाचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात परवान्यावाचून हत्ती मारण्यास व पकडण्यास मनाई होती. पण स्वसंरक्षणार्थ, आणि घरादारांची किंवा पिकाची नासाडी करीत असता, हत्तीस मारण्याची मोकळीक ठेविली होती. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती त्याचा बचाव होता. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७७ साली हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. आता जीव वाचविण्याखेरीज दुसऱ्या कारणाने शेतकऱ्यास हत्तीवर हत्यार उचलता येत नाही. हा बदल योग्य झाला, असे आम्ही समजतो. नाहीतर हत्ती केव्हाच संपला असता. परंतु ज्याने शेतकऱ्यास त्याचा बचाव खाली ठेवावयास लाविले, त्यानेच जनावराच्या धन्याची जागा घेतली, हे विसरता कामा नये. ती जागा सरकारने घेतली, आणि सरकार ज्या लोकांच्या नावाने चालते त्या आम्ही सर्वांनी घेतली. बैल मारका आहे हेही आम्हांस माहीत आहे; या देशात दरवर्षी पाचशेच्या आसपास माणसे हत्तींच्या हातून मरतात, हे सरकारी आकड्यांवरून कोणासही कळते.

असे असता नुकसानभरपाई ही दया राहत नाही, ती देणे होते. दया करणारा सवडीने करू शकतो. देणेकऱ्यास सवड नसते. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्यात म्हण आहे. कोकणातल्या बागायतदारास ती शब्दशः अनुभवावी लागते: हत्ती एका रात्रीत येतो, आणि पैसा मुंगीच्या चालीने येतो. शिवाय माड म्हणजे भाजीचे रोप नव्हे. आज लाविलेल्या माडास फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. ज्या माणसाने तरुणपणी बाग लाविली, त्याचे उभे माड म्हातारपणी गेले, तर एका माडाची किंमत त्याच्या हाती देऊन त्याची वर्षे परत येत नाहीत. उत्तमातून भरपाई करावी, हे शब्द मोशेच्या विधीत का आले असावेत, ते अशा बागेत उभे राहिले म्हणजे समजते.

आणखी एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कोणी म्हणतील, म्हैसूर-मलबाराकडे हत्तींच्या वाटा पुरातन आहेत, तेथे त्या राखा. सिंधुदुर्गात तर हत्ती २००२ साली आला, त्या उपऱ्यास वाटेचा हक्क कसला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्या शेतकऱ्याने आजोबांची बाग हत्तीविना सांभाळिली त्याच्या तोंडी तो शोभतोही. पण आमच्या तोंडी शोभत नाही. आमच्या शेजारचे उल्हासनगर हे काय आहे? महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीने घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांस आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वस्तीस आजचे नाव पडले. अंबरनाथ-बदलापूरचीही निम्मीशिम्मी वस्ती बाहेरून आलेली. माणसाची आणि हत्तीची बरोबरी आम्ही करीत नाही. इतकेच म्हणतो की, आलेल्यास केव्हा आलास हे विचारण्यापूर्वी कोठून आणि का निघालास हे विचारावे, एवढा धडा तरी आमच्या या भागाने शिकावयास हवा. इस्राएलही अदोमाच्या दारी नवखाच होता.

वाट देता येते काय, आणि कोणास न लुबाडिता देता येते काय? होय, अशी उदाहरणे आहेत. केरळात वायनाडच्या बाजूस तिरुनेल्लीजवळच्या भ्रमणमार्गावरील वस्त्यांतील कुटुंबांस, त्यांच्या संमतीने, दुसरीकडे जमीन व घरे देऊन एका संस्थेने ती पट्टी मोकळी केली आणि २०१५ साली केरळ सरकारच्या स्वाधीन केली. मोशेने मोल देऊ केले होते. येथे मुसाफिराच्या वतीने दुसऱ्या कोणी ते खरोखर भरिले. याउलट नीलगिरीत सिगूरच्या पठारावर हत्तींच्या वाटेत विश्रामगृहे उभी राहिली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने वाट हत्तीची असल्याचा निर्णय दिला. गरीब शेतकऱ्याची झोपडी आणि श्रीमंताचे विश्रामगृह या दोहोंस एकच माप लावू नये, असे आम्हांस वाटते. पहिल्याकडून वाट विकत घ्यावी, दुसऱ्याकडून परत घ्यावी. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत आणखी साधा उपाय निघाला. तेथील बहुतेक मृत्यू अंधारात, हत्ती जवळ आहे हे ठाऊक नसता, अवचित गाठ पडून होत. तेव्हा निसर्ग-अभ्यासक आनंद कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या फोनवर हत्तींची खबर पाठविण्याची आणि उंच खांबांवर तांबडे दिवे लावण्याची व्यवस्था केली; दिवा लागला की हत्ती जवळ आहेत हे मजुरास घराबाहेर पडण्यापूर्वी कळते. मृत्यू पुष्कळ घटले.

आपल्या राज्यातही काहीच झाले नाही असे नाही. जून २०२० मध्ये तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर रान राखीव म्हणून जाहीर झाले. कर्नाटकाचे भीमगड, गोव्याचे म्हादई आणि आपले राधानगरी यांमधील ती एक पायरी आहे. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील पंचवीस गावे संवेदनशील म्हणून जाहीर करण्याविषयी आदेश दिला. केंद्र सरकारने २०२३ साली देशातील १५० भ्रमणमार्गांची यादी प्रसिद्ध केली. पण यादीतील रेघ आणि जमिनीवरील वाट यांत अंतर असते. आमच्या बदलापूरच्या पलीकडे भोज ते मोरबे असा मैलांमैलांचा बोगदा, आमच्या मोटारी लवकर पोहोचाव्यात म्हणून, डोंगराच्या पोटातून पाडण्यात आला आहे. माणसास वाट हवी झाली म्हणजे डोंगरही आड येत नाही; मग पैसा नाही ही सबब फक्त हत्तीच्या आणि हत्तीने नागविलेल्या शेतकऱ्याच्या वेळीच का निघावी?

सन २०२५ च्या ऑगस्टात नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण परत मिळावी म्हणून हजारो लोक नांदणीहून कोल्हापुरापर्यंत पायी चालत गेले. त्या वादाच्या खोलात आम्ही जात नाही. ज्या मठाची ती होती त्या लोकांचे प्रेम खरे होते यात आम्हांस शंका नाही. मात्र एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, आजरा-चंदगडात, रानातला हत्ती आणि रानाकडेचा शेतकरी दोघेही वाटेवाचून अडले आहेत, आणि त्यांच्याकरिता कोणी एक कोसही चालले असे ऐकिवात नाही. साखळीतला हत्ती आपला वाटतो. मोकळा हत्ती कोणाचाच नाही.

कोल्हापूर, कोडोली, वेंगुर्ले या बाजूच्या मंडळ्यांतील पाळकांस व पंचांस आमची विनंती आहे की, ज्या गावी हत्ती येतो तेथील सभासदांनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, शेजाऱ्यांचे पंचनामे वेळेत होतात की नाही हे पाहावे, आणि ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यावे. हत्तीस पाहावयास मुलांस घेऊन जाऊ नये, आणि त्याच्या मागे फटाके घेऊन धावणाऱ्या तरुणांस आवरावे. खिजविलेला हत्ती रागाने पुढच्या गावात शिरतो, आणि मरतो तो त्या गावचा. आमच्या आनंदनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मंडळ्यांस आम्ही निराळी गोष्ट सुचवितो. कापणीच्या सणाचे दान येथे शेते नसल्यामुळे आता पैशाच्या रूपानेच येते. त्या दानाचा एक भाग, ज्यांची कापणी हत्तीने केली त्यांच्यासाठी काढून ठेवावा, आणि त्यातून माडांची व पोफळींची रोपे घेऊन पाठवावी. रोपे मृगाच्या पहिल्या पावसात लावावी लागतात, म्हणून पैसे मे महिन्याच्या आत तिकडे पोहोचले पाहिजेत.